आपल्या अस्वलाचा फोटो छापा, अमेरिकेतल्याचा नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात राधानगरी भागात एका गावाजवळ अस्वल दिसल्याची बातमी होती. बातमी चार ओळींची आणि व्यवस्थित होती, कोणाला काही झालं नाही, वनविभागाची माणसं येऊन बघून गेली, एवढंच. पण सोबत जो फोटो लावला होता तो आपल्याकडच्या अस्वलाचा नव्हताच. तपकिरी अंग, खांद्यावर मोठा उंचवटा, रुंद तोंड आणि मागं बर्फाचे डोंगर. तो अमेरिका आणि कॅनडात असणारा ग्रिझली होता. ऑफिसमध्ये घाईत कोणीतरी नेटवरनं उचलला असणार, मला समजतं ते, पण तरी हे पत्र लिहितेय कारण या फोटोनं पुढं काय केलं ते मी आमच्याच घरच्या ग्रुपवर बघितलंय.

माझं माहेर भुदरगड तालुक्यात, जंगलाला लागून असलेल्या गावात आहे. आता कोल्हापुरात राजारामपुरीत राहते पण भाऊ, वहिनी, चुलते सगळे तिकडंच, आणि त्यांचं रोजचं काम जंगलाशी. सरपण, वैरण, गुरं चारायला नेणं, उन्हाळ्यात करवंदं, जांभळं. तर आपल्या बातमीचा फोटो त्या ग्रुपवर आला, आणि त्याच्या मागोमाग कोणीतरी एक रील टाकलं, अमेरिकेतलं, वर मराठीत आवाज दिलेला. त्यात एक माणूस सांगतोय की अस्वल समोर आलं तर आधी रंग बघा, तपकिरी असेल तर मेल्यासारखं पडून राहा आणि काळं असेल तर उलटून मारा, ते घाबरून पळतं. त्यावर माझ्या पुतण्यानं लगेच लिहिलं, "आपलं तर काळंच असतंय की, मग काठी घेऊन भिडायचं." खाली सात-आठ अंगठे.

मला त्या रात्री खरंच झोप लागली नाही. त्या रीलमधला सल्ला तिथल्या जातींसाठी बऱ्याच अंशी बरोबर आहे, पण तिथंही नुसत्या रंगावरनं जात ओळखता येत नाही. अमेरिकेत काळं अस्वल म्हणून एक वेगळी जात आहे, ती बुजरी असते, संकट आलं की आधी झाडावर चढते, आणि तिनं हल्ला केलाच तर प्रतिकार करा असंच तिथं लोकांना शिकवतात. पण आपल्या सह्याद्रीतलं अस्वल नुसतं रंगानं काळं आहे, जात पूर्ण वेगळी, स्वभाव पूर्ण वेगळा, आणि त्याला काठी घेऊन भिडणं म्हणजे स्वतःचं तोंड फाडून घेणं आहे. गावातल्या विशीतल्या पोराच्या डोक्यात हे एकदा बसलं की ते काढायचं कोणी?

म्हणून म्हटलं आपल्या अस्वलाबद्दल मला जेवढं माहितीय तेवढं सगळं लिहावं, तुम्ही जेवढं छापता येईल तेवढं छापा.

जगात अस्वलाच्या आठ जाती आहेत. उत्तर ध्रुवाकडचं पांढरं अस्वल, तपकिरी अस्वल (ग्रिझली ह्याच्यातलाच), अमेरिकेतलं काळं, आशियातलं म्हणजे आपल्या हिमालयातलं काळं, ईशान्य भारतापासून पुढं मलेशिया-इंडोनेशियापर्यंत सापडणारं सगळ्यात छोटं सूर्य अस्वल, दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगरातलं डोळ्याभोवती फिकट कडी असलेलं अस्वल, चीनचा पांडा, आणि आपलं, ज्याला इंग्रजीत स्लॉथ बेअर म्हणतात. कोआला अस्वल नाही, पोरांच्या पुस्तकात तसं लिहिलेलं असतं म्हणून सांगितलं. या आठांपैकी चार भारतात आहेत पण हिमालयातलं तपकिरी आणि काळं आपल्याकडं कधीच येत नाही, सूर्य अस्वल तर पार ईशान्येला. म्हणजे कोल्हापूर, सिंधुदुर्ग, सातारा, सांगली, तिकडं बुलढाण्याचं ज्ञानगंगा, मेळघाट, ताडोबा, गडचिरोली, महाराष्ट्रात कुठंही रानात अस्वल दिसलं तर ते एकाच जातीचं असतं. ही जात जगात फक्त भारतीय उपखंडात आहे आणि त्यातली बहुतेक भारतातच. एकूण संख्या वीस हजारांच्या आत असावी असा अभ्यासकांचा अंदाज आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात ते आहे, म्हणजे वाघाला जेवढं संरक्षण तेवढंच याला.

दिसायला कसं असतं? अंगभर लांब, राठ, विस्कटलेले काळे केस, मानेवर आणि कानाभोवती जास्तच, त्यामुळं लांबनं ते आहे त्यापेक्षा मोठं वाटतं. तोंड लांबट आणि नाकाकडचा भाग मळकट पांढरा. छातीवर पांढरट पट्टा, इंग्रजी व्ही किंवा यू सारखा. मोठा नर ८० ते १४५ किलोपर्यंत जातो, मादी त्यापेक्षा हलकी. पुढच्या पायाची नखं पांढरट, वाकडी आणि बोटापेक्षा लांब, आणि मांजरासारखी आत ओढता येत नाहीत त्यामुळं चिखलात पाऊल उमटलं की बोटांच्या पुढं नखांची टोकं वेगळी दिसतात. मागचं पाऊल माणसाच्या अनवाणी पावलाशी इतकं मिळतं की पहिल्यांदा बघणारा फसतो, कारण अस्वल कुत्र्या-मांजरासारखं बोटांवर चालत नाही, आपल्यासारखा पूर्ण तळवा टेकून चालतं.

ज्यांना प्रत्यक्ष बघायचंय त्यांनी आपल्या न्यू पॅलेसच्या म्युझियममध्ये जावं. तिथं शिकारीतले पेंढा भरलेले प्राणी आहेत, त्यात आपलंही अस्वल आहे आणि हिमालयातलं काळंही. दोन्ही बघितली की फरक डोळ्यात भरतो. हिमालयातल्याचे केस आखूड आणि तुळतुळीत, नखं छोटी आणि गडद, कान मोठे गोल. आपल्याचे केस लांब, नखं लांब, तोंड फिकट. शाळेच्या सहली तिथं नेहमी जातात, सरांनी आणि बाईंनी त्या दोन प्राण्यांसमोर पाच मिनिटं जास्त थांबावं अशी माझी विनंती आहे.

आता ते खातं काय. हे नीट समजलं की बाकी सगळं आपोआप समजतं म्हणून इथं थोडं लांबण लावते. सगळ्यांना वाटतं अस्वल म्हणजे मांस खाणारं जनावर. आपलं अस्वल मुख्यतः वाळवी, मुंग्या, फळं आणि मध यांवर जगतं. मेलेलं जनावर सापडलं तर कधी खातंही, पण माणसाची किंवा गुरांची शिकार करून पोट भरणारं ते जनावर नाही. वाळवी खाण्यासाठी त्याचं सगळं तोंडच वेगळं घडलंय. वरच्या जबड्यातले पुढचे मधले दोन दात मोठ्या अस्वलाला नसतात, तिथं फट असते. ओठ लांब आणि पाहिजे तसे हलवता येणारे. नाकपुड्या मनात आलं की बंद करता येतात, म्हणजे माती आणि मुंग्या आत जात नाहीत. आधी नखांनी वारूळ फोडायचं, मग आत तोंड घालून जोरात फुंकून माती उडवायची, मग ओठांची नळी करून त्या फटीतनं वाळवी आत ओढून घ्यायची. आवाज असा येतो की बशीत चहा ओतून कोणी लांबच लांब फुरका मारतंय, आणि शांत रानात तो शंभर मीटरच्या पलीकडंही ऐकू जातो. पहिल्यांदा युरोपातल्या शास्त्रज्ञांकडं याची माहिती गेली तेव्हा लांब नखं आणि दातांची ती फट बघून त्यांनी याला अस्वल धरलंच नाही, १७९१ साली जॉर्ज शॉ यांनी त्याला दक्षिण अमेरिकेतल्या झाडावर उलट्या लटकणाऱ्या स्लॉथच्या कुळात टाकलं. चूक नंतर सुधारली पण इंग्रजीत ते नाव त्याला चिकटलं ते चिकटलंच.

आमच्या चुलत्यांनी मला शेताच्या वरच्या अंगाला, जिथं सडा म्हणजे उघडा खडकाळ माळ सुरू होतो तिथं, असं फोडलेलं वारूळ दाखवलं होतं. कमरेएवढं वारूळ, एका बाजूनं पार उघडं, लाल मातीची ढेकळं लांबवर पडलेली. उरलेल्या भिंतीवर नखांच्या चार खोल रेघा, शेजारी शेजारी, माझं बोट पहिल्या पेरापर्यंत आत गेलं. भोकाच्या तोंडाशी बारीक माती पसरलेली, फुंकलेली, आणि त्यावर अजून ओल होती. चुलते म्हणाले ओल आहे म्हणजे सकाळचंच आहे, चल, इथं थांबायचं नाही. थोडं पुढं वाटेवरच त्याची विष्ठा होती आणि त्यात करवंदाच्या बिया अख्ख्याच्या अख्ख्या. त्या बिया पावसात उगवतात. करवंद, जांभूळ, बोर, उंबर, असल्या झाडांचं बी रानात लांब लांब नेऊन टाकायचं काम हे जनावर करतं आणि त्याची मजुरी कोणी देत नाही.

आणि आता करवंदाचीच गोष्ट. आमच्या भावकीतल्या एका काकींना काही वर्षांमागं अस्वलानं जखमी केलं. डोक्याची कातडी आणि एक हात. दवाखान्यात बरेच दिवस काढले पण वाचल्या. लोक म्हणाले अस्वल माजलंय, बंदोबस्त करा. काकी मात्र आजही सांगतात, "ते माझ्यावर चालून आलं नव्हतं गं, आम्ही दोघं एकाच जाळीला लागलो होतो." त्या जाळीच्या या बाजूनं वाकून करवंदं तोडत होत्या, ते पलीकडनं खात होतं. मधे एवढी दाट जाळी की दोघांनाही पत्ता नाही, आणि कळलं तेव्हा अंतर दोन हाताचं.

माझ्या मते बहुतेक हल्ल्यांचं खरं कारण या एका वाक्यात आहे. अस्वलाचं नाक जबरदस्त असतं पण नजर यथातथाच. वाळवी ओढताना तोंड वारुळात आणि आवाज एवढा मोठा, त्यात वारा उलटा असला तर माणूस जवळ येईपर्यंत त्याला समजत नाही. आणि दचकल्यावर पळून जायचा त्याचा स्वभावच नाही. असं का यावर अभ्यासकांचं म्हणणं पटण्यासारखं आहे, की हे जनावर हजारो वर्षं वाघ आणि बिबट्याच्या शेजारी उघड्या-झुडपी रानात राहत आलंय, झाडावर चढलं तर बिबट्या मागं चढतो, पळालं तर वाघ गाठतो, मग जीव वाचवायचा एकच मार्ग उरला, आपणच आधी अंगावर जायचं, ओरडायचं, उभं राहायचं, पंजा मारायचा. वाघासमोर शिकलेलं तेच ते माणसासमोर करतं. माणूस उभा असतो म्हणून त्याचा पंजा आणि जबडा सरळ डोक्यावर, तोंडावर येतो, त्यामुळं जखमा भयंकर दिसतात. पण बऱ्याचदा दणका देऊन ते स्वतःच निघून जातं, खायला थांबत नाही.

त्यात पिल्लं असली तर विषयच संपला. आपल्याकडं जोड्या साधारण उन्हाळ्यात जमतात आणि मादी थंडीत, डिसेंबर-जानेवारीच्या आसपास, कपारीत नाहीतर खणलेल्या बिळात विते. एक किंवा दोन पिल्लं, तीन क्वचित. सुरुवातीला डोळे मिटलेले. दोन-अडीच महिन्यांनी आई त्यांना बाहेर काढते आणि मग ती पिल्लं आईच्या पाठीवर लांब केसांना धरून बसून फिरतात. आठ जातींमध्ये नेहमी असं पाठीवर घेऊन फिरणारी आई हीच. सहा-सात महिने तरी हे चालतं, आणि पुढं दोनेक वर्षांची होईपर्यंत ती आईसोबतच असतात. म्हणजे हिशोब करा, मार्च, एप्रिल, मे, जेव्हा आपली माणसं सरपणाला आणि करवंदाला सगळ्यात जास्त रानात जातात, त्याच महिन्यांत आई पाठीवर पिल्लं घेऊन त्याच जाळ्यांवर येते. लांबनं पाठीवरची पिल्लं दिसतही नाहीत, केसात केस मिसळलेले असतात.

थंडीत अस्वल झोपून राहतं असंही खूप लोक धरून चालतात, ते पण परदेशातलंच ज्ञान. ग्रिझली वगैरे बर्फाच्या प्रदेशात महिनोन्महिने गुहेत राहतात, खाणं नाही, पाणी नाही, हृदयाचे ठोके अगदी कमी. तिथं खायलाच काही मिळत नाही म्हणून. आपल्याकडं वाळवी बारा महिने आहे, त्यामुळं आपलं अस्वल बारा महिने जागं आहे. पौष-माघात गुरं घेऊन बिनधास्त कपारीकडं जाऊ नका, उलट तेव्हाच आत बाळंतीण असू शकते.

मग समोर आलं तर करायचं काय. शाळेत आपण सगळ्यांनी ती दोन मित्रांची गोष्ट ऐकलीय, एक झाडावर चढतो, दुसरा श्वास रोखून मेल्याचं सोंग करतो आणि अस्वल हुंगून निघून जातं. यातली झाडाची युक्ती आपल्याकडं चालणार नाही, हे अस्वल मधाच्या पोळ्यासाठी झाडावर सहज चढतं. पळूही नका, ते माणसापेक्षा जोरात पळतं, चढावर पण आणि उतारावर पण. लांब असेल, त्यानं बघितलं नसेल, तर गप मागच्या मागं फिरा. त्यानं बघितलं असेल तर थांबा, त्याच्याकडं तोंड ठेवून हळूहळू मागं सरका, त्याची निघून जायची वाट अडवू नका, दगड तर अजिबात मारू नका. आणि अंगावर आलंच, हात लागलाच, तर जमिनीवर पालथं पडायचं, तोंड मातीत, दोन्ही हातांची बोटं मानेच्या मागं गुंफून, कोपर आत घेऊन, पाठीला टोपली नाहीतर पिशवी असेल तर ती काढायची नाही. हे श्वास रोखायचं सोंग नाही, त्याच्या नाकाला तुम्ही जिवंत आहात ते चांगलं कळतं. तोंड, डोळे आणि मान वाचवायची एवढाच उद्देश आहे. ते बाजूला गेल्यावर लगेच उठू नका.

पण खरं सांगायचं तर ती वेळच येऊ न देणं आपल्या हातात आहे, आणि ते सोप्पं आहे. एकट्यानं जायचं नाही. बोलत जायचं, खोकत जायचं, जाळीला हात घालायच्या आधी काठीनं जाळी हलवायची आणि आवाज द्यायचा. काठीला घुंगरू बांधा, बैलाच्या जुन्या घुंगूरमाळेतले दोन-चार घुंगरू प्रत्येकाच्या घरात पडलेले असतात. पहाटे आणि तिन्हीसांजेला शक्यतो टाळायचं. कानात इअरफोन घालून तर रानात पाऊल टाकायचंच नाही, हे आमच्या पोरांना मी फोनवर ओरडून सांगते. ताजं फोडलेलं वारूळ किंवा ओली विष्ठा दिसली की तिथनं परत. कुत्रं बरोबर असेल तर बांधून न्या, कारण मोकळं कुत्रं आधी अस्वलावर भुंकत जातं आणि मग अस्वल मागं लागलं की मालकाच्या पायाशी येतं.

कोणी जखमी झालंच तर १०८ ला फोन, रक्त थांबेल असं स्वच्छ कापड घट्ट दाबून धरायचं, घरगुती लेप, हळद, चुना काही लावत बसू नका, आणि डॉक्टरांना रेबीजच्या लसीचं आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं आठवणीनं विचारा. वनविभागाला लगेच कळवा, १९२६ हा त्यांचा टोल फ्री नंबर आहे. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात शासनाकडनं जी मदत मिळते त्या यादीत अस्वल आहे, पण पंचनामा आणि दवाखान्याचे कागद लागतात, आणि गावाकडं ते गोळा करायचं कोणाला माहितच नसतं. आमच्या काकींच्या वेळीही कागद गोळा करताना घरच्यांची फार दमछाक झाली होती.

अजून एक, म्हाताऱ्या माणसांच्या मनातलं अस्वल. माझ्या आईच्या पिढीनं दरवेशी बघितलेत, नाकातनं दोरी घातलेलं अस्वल घेऊन दारोदार यायचे, ते नाचायचं, पोरांना त्याच्या पाठीवर बसवायचे, भीती जायला त्याचा केस ताईतात घालून द्यायचे. त्यामुळं त्यांना ते गरीब जनावर वाटतं. ते गरीब नव्हतं, त्याचे सुळे उपटलेले असायचे, नाकाच्या मऊ भागाला तापलेल्या सुईनं भोक पाडून दोरी ओवलेली असायची, आणि पिल्लू मिळवायचं म्हणून रानात आईला मारलेलं असायचं. तेच आपलं वारुळं फोडणारं अस्वल. १९७२ च्या कायद्यानं हे बंद झालं तरी प्रत्यक्षात शेवटची नाचवायची अस्वलं सोडवायला २००९ उजाडलं, आणि त्या दरवेशांनाही दुसरा धंदा काढून द्यावा लागला. आग्र्याजवळच्या केंद्रात अशी सोडवलेली बरीच अस्वलं ठेवली. मला हा शेवट चांगला वाटतो कारण त्यात माणसांचाही विचार झाला.

आपल्याकडं त्यांची जागा कुठं आहे ते बघा. दाजीपूरचं अभयारण्य १९५८ चं, राज्यातलं पहिलं, शाहू महाराजांच्या काळात ते संस्थानचं राखीव शिकारीचं रान होतं म्हणून ते टिकलं. आज तेच राधानगरी अभयारण्य म्हणून ३५१ चौरस किलोमीटर आहे आणि २०१२ पासून जागतिक वारसा स्थळांत. लोक तिथं गवा बघायला जातात, अस्वल सहसा दिसत नाही, पण आहे. वर चांदोली आणि कोयना, खाली आजरा, चंदगड, आंबोली, तिलारी, हा सगळा एक पट्टा आहे आणि जनावर त्या पट्ट्यानं फिरतं. त्याला आपल्या तालुक्याची हद्द माहीत नाही. मधे रस्ते रुंद होतात, बॉक्साइटच्या खाणी, काजूच्या बागा, रिसॉर्ट, आणि सगळ्यात वाईट म्हणजे दर वर्षी फेब्रुवारीपासून लागणारे वणवे. वणवे बहुतेक माणूसच लावतो, नवीन गवत चांगलं येतं म्हणून, नाहीतर बिडी टाकून. त्यात करवंदाची जाळी फुलोऱ्यातच जळून जाते. मग रानात फळ नाही म्हटल्यावर जनावर ऊस, मका, फणस, काजूची बोंडं, जिथं मिळेल तिथं येणार. डोंगर आपण जाळायचा आणि मग अस्वल गावात आलं म्हणून ओरडायचं, हे बरोबर नाही.

आणि कचरा. राजस्थानात माउंट अबूला अस्वलं हॉटेलच्या कचऱ्यावर यायला लागली, आता रात्री गावाच्या रस्त्यांवर फिरतात, लोक व्हिडिओ काढतात. आपल्याकडं आंबा, दाजीपूर, आंबोली या भागात शनिवार-रविवारची गर्दी वाढतेय, उष्टं-खरकटं हॉटेलच्या मागं उघड्यावर टाकतात, केक, उसाचं चिपाड, चिकनची हाडं. अस्वलाचं नाक ते मैलभरावरनं ओळखतं. एकदा त्याला ती सवय लागली की सोडवता येत नाही. ग्रामपंचायतींनी आत्ताच बंद डबे सक्तीचे करावेत. पाटगाव मधाचं गाव म्हणून नावारूपाला आलंय, चांगलं आहे, पण मधपेट्या ठेवणाऱ्यांनाही पेट्या जमिनीलगत रानाच्या कडेला न ठेवता घराजवळ ठेवायचं कोणीतरी शिकवायला हवं, मधाचा वासही अस्वलाला लांबनं येतो.

गर्दीचं काय होतं ते आपण गव्याच्या वेळी बघितलंच आहे. काही वर्षांमागं गवा शहराजवळ पंचगंगेच्या काठाला आला तेव्हा माणसं मोबाईल घेऊन मागं पळत होती. अस्वलाच्या बाबतीत असं झालं तर मात्र फार वाईट होईल. दिसलं की जागेचं लाईव्ह लोकेशन ग्रुपवर टाकू नका, वनविभागाला कळवा आणि त्याला जायला अंधार आणि वाट द्या.

आता आपल्याकडं मागणं. एक तर अस्वलाच्या बातमीला आपल्याच जातीचा फोटो लावा, लांब केस, फिकट तोंड, छातीवर पांढरा पट्टा. वनविभागाकडं ट्रॅप कॅमेऱ्याचे, म्हणजे रानात लावलेल्या आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याचे, फोटो असतात, मागितले तर देतील. दुसरं, बातमीच्या खाली दोन ओळी कायम ठेवा, एकट्यानं जाऊ नका, आवाज करत जा, आणि १९२६. तिसरं, १२ ऑक्टोबर हा या अस्वलाचा जागतिक दिवस म्हणून २०२२ पासून पाळतात, तेव्हा पुरवणीत लिहाच, पण ऑक्टोबरपर्यंत थांबू नका. आपला पेपर आमच्या गावात एसटीनं सकाळी येतो आणि दूध डेअरीच्या कट्ट्यावर दहा माणसं तो वाचतात, रीलला उत्तर द्यायला यापेक्षा चांगली जागा नाही. करवंदं एप्रिलच्या शेवटाला काळी पडायला लागतात. त्याआधी, मार्चमध्येच, पाव पानाची माहिती चित्रासकट आली, पालथं कसं पडायचं आणि मान कशी झाकायची त्याच्या चित्रासकट, तर मी स्वतः त्याच्या झेरॉक्स काढून आमच्या आणि शेजारच्या वाड्यांवर, धनगरवाड्यांवर पोचवेन, आणि पहिली प्रत पुतण्याच्या हातात देईन.

आपली नियमित वाचक,
राजारामपुरी, कोल्हापूर